झिरो माईलपासून डिस्नेलँड किती लांब?

नागपूरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर. पत्नी घरी शिकवण्या घेते. दोघांचे मिळून महिन्याला ६८ हजार येतात, त्यातले १७ हजार घराच्या हप्त्यात जातात. घरी आई, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेला बसली तेव्हा हे बोलून गेले, ‘शिष्यवृत्ती मिळव, डिस्नेलँडला नेतो.’ तिने मिळवली. त्यात तिच्या व्हॅनमधल्या दोन मैत्रिणी परदेशात फिरून आल्या, एक सिंगापूरला, एक हाँगकाँगला. परवा जेवताना मुलीने विचारलं, ‘बाबा, आपण गरीब आहोत का?’ साळ्याने एका प्रवासी कंपनीकडून हाँगकाँगचा आकडा आणलाय: पाच दिवस, चौघे, साडेचार लाख. दीड लाखाची एफडी आहे, पण ती आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली. उरलेले तीन लाख कर्ज काढून भरावेत, ‘आयुष्यात एकदाच तर जायचं आहे’, असं पत्नीचं म्हणणं. आई म्हणते, माझ्यासाठी अडून राहू नका. पत्राच्या शेवटी ते लिहितात: ‘माझ्या वडिलांच्या एकट्याच्या पगारावर आम्ही १९९५ साली मुंबईला जाऊन एस्सेलवर्ल्ड पाहिलं. आज आम्ही दोघं कमावतो आणि मुलांना एक पार्क दाखवू शकत नाही. आमच्यासारख्यांनी आता हे बघायचंच नाही का?’

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एस्सेलवर्ल्डपाशी अडखळले. एक विचारू? त्या वेळी मुंबईत मुक्काम कुठे होता?

मी पैज लावायला तयार आहे की हॉटेलात नव्हता. डोंबिवलीला, मुलुंडला, कुणातरी काकांकडे किंवा मावशीकडे तुम्ही उतरला असाल. नागपूरहून निघताना आईने पोळ्या, कोरडी चटणी आणि बेसनाच्या वड्या बांधून घेतल्या असतील. स्लीपरच्या डब्यात पाचांत चार बर्थ मिळाले असतील आणि तुम्ही कुणाच्या तरी पायाशी झोपला असाल. एस्सेलवर्ल्डची तिकिटं तेवढी वडिलांनी रोख मोजली असतील, आणि तीही त्या काळच्या पगाराच्या मानाने स्वस्त नव्हती. एका पगारावर पार्क परवडला, कारण पार्क सोडून बाकी काहीच विकत घ्यावं लागलं नाही.

आता साळ्याने आणलेला कागद समोर ठेवा. हाँगकाँग डिस्नेलँडची चौघांची एका दिवसाची तिकिटं, दिवसानुसार कमीजास्त धरली तरी, ढोबळमानाने तीस-चाळीस हजारांच्या घरात जातात. साडेचार लाखांतला हा जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचे चार लाख विमान, हॉटेल, बस, गाइड आणि कंपनीच्या नफ्याचे. कागदावर न लिहिलेलंही असतंच. चार पासपोर्ट नवे काढायचे असतील तर पाचेक हजार. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठायचं भाडं आकड्यात आहे का, ते विचारा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे कंपनीने सरकारसाठी आधीच वसूल करायचा आयकर, घेतात, तो धरलाय का? आयकर विवरणपत्र भरलं की तो परत मिळतो, पण तोवर पैसा तुमचाच अडकलेला असतो.

म्हणजे ‘पार्क परवडत नाही’ या वाक्यात पार्कावर थोडा अन्याय होतो. परवडत नाही ते अंतर. झिरो माईलचा दगड आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो, पण देशाच्या मधोमध राहण्याची एक किंमत असते: कुठलाही मोठा पार्क घ्या, इथून एक रात्र लांब. मुंबई-पुण्याचा माणूस सकाळी निघून रात्री घरी झोपतो. आपल्याला त्याच पार्कासाठी दोन मुक्काम पडतात.

तरीही तुमची तक्रार पोकळ आहे असं म्हणणार नाही. तिकिटं खरंच वाढली आहेत आणि ती फक्त इथे नाही. डिस्नेलँड १९५५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालं तेव्हा मोठ्यांचं प्रवेश तिकीट १ डॉलर होतं आणि प्रत्येक राइडचे पैसे वेगळे. ज्याला जेवढं झेपेल तेवढं तो बसायचा. २०२४ साली त्याच पार्कात गर्दीच्या दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर गेलं. अमेरिकेतला पगारदार माणूसही आता बोटांवर हिशेब करतो. आपल्याकडे या तिकिटांवर १८ टक्के जीएसटी आहे. २०१८ च्या आधी काही महिने तो २८ टक्के होता.

मला त्याहून जास्त खुपतं ते वेगळंच. मधल्या दर्जाची ठिकाणं संपत चालली आहेत. दिल्लीचं अप्पू घर २००८ ला बंद झालं, तुमचं एस्सेलवर्ल्ड २०२२ ला. आपल्या अंबाझरीचं क्रेझी कॅसलही गेलं. तिथे दुपारी ठरवून संध्याकाळी जाता यायचं. आता एका टोकाला जत्रेतला आकाशपाळणा आणि दुसऱ्या टोकाला महिनाभर आधी आखायची सहल. शहराभोवतीची वॉटर पार्क मे महिन्यात तुडुंब असतात ती उगाच नाही, पण अकरा वर्षांच्या पोरीला रोलर कोस्टरचं स्वप्न पडलं असेल तर घसरगुंडीवर ते भागणार नाही. आणि कृपा करून तिला ‘त्यापेक्षा निसर्ग बघू’ असं म्हणू नका. जंगल स्वस्त असतं हा आपल्या विदर्भातला एक गोड गैरसमज आहे. पेंच किंवा ताडोबात जिप्सी, गाइड आणि प्रवेश धरून सफारीच्या एका फेरीलाच काही हजार लागतात, आणि वाघ दिसेल याची हमी कुणी देत नाही. रोलर कोस्टर निदान दिसतो तरी.

आता कर्जाबद्दल. तीन लाख, तीन वर्षं, १४ टक्के व्याज असं धरू. हप्ता साधारण १० हजार २५० बसतो. तीन वर्षांत तुम्ही ३ लाख ६९ हजार भरता, म्हणजे व्याजाचेच ६९ हजार. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा तुमची मुलगी नववीत असेल, ट्यूशनची फी सुरू झालेली असेल. हेच १० हजार २५० रुपये तीन वर्षं आवर्ती ठेवीत टाकले, तर साडेसहा टक्क्यांनी चार लाखांच्या वर रक्कम जमते आणि एफडीला हात लागत नाही. पत्नीला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. त्यांचा हट्ट सहलीसाठी आहे असं मला वाटत नाही. ‘गरीब आहोत का’ हा प्रश्न त्यांनीही त्याच ताटावर बसून ऐकलाय.

आईच्या गुडघ्यांचे दीड लाख मात्र या चर्चेत आणूच नका. ‘माझ्यासाठी अडू नका’ हे त्या पिढीच्या बायका सवयीने म्हणतात. त्याचा अर्थ ‘माझे पैसे वापरा’ असा काढू नये.

‘नो कॉस्ट ईएमआय’वर सहल विकणारे आता बरेच आहेत. फुकट कर्ज कुणी देत नसतं. व्याज पॅकेजच्या किमतीत मिसळलेलं असतं किंवा प्रोसेसिंग फीत. त्यांना एवढंच विचारा: सगळे पैसे रोख दिले तर किती कमी कराल? जो आकडा कमी होईल ते व्याज.

आता दिलेल्या शब्दाकडे येते, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे.

शब्द पाळावा, याबद्दल दुमत नाही. पण तुम्ही बोललात काय आणि तिने ऐकलं काय, हे कधी तपासलंत का? तुम्ही ‘डिस्नेलँड’ म्हणालात कारण मोठ्या बक्षिसाचं तेच नाव तोंडात आलं. तिच्या डोक्यात कदाचित किल्ला असेल, कदाचित उलटी फिरणारी राइड, कदाचित विमानाची खिडकी, आणि कदाचित फक्त व्हॅनमध्ये सांगायला एक गोष्ट. या चारही गोष्टींचा खर्च वेगवेगळा आहे. विमानाची खिडकी हवी असेल तर ती नागपूरहून पुण्यापर्यंतही मिळते. म्हणून आधी तिला विचारा. ‘तिथे गेल्यावर पहिलं काय करशील?’ एवढाच प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. हे सगळ्यात कठीण आहे, मला माहीत आहे, मीही आई आहे.

नंतर तिला खरं सांगा. ‘मी किंमत न विचारता शब्द दिला, चूक माझी.’ बापाने असं म्हटल्याने त्याची किंमत कमी होत नाही. जिने शिष्यवृत्तीची गणितं सोडवली तिला तुमचं गणितही समजेल. वही काढा आणि पगार, हप्ता, किराणा, व्हॅन, आजीची औषधं, सगळं तिच्या हाताने लिहवून घ्या. ‘आपण गरीब आहोत का’ या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर असेल: नाही, पण आपल्याकडे आहे ते मोजून वापरावं लागतं. मैत्रिणीच्या घरी पैसे कुठून आले यावर मात्र टिप्पणी करू नका. त्यांच्याकडे साठवलेले असतील, हप्ते असतील, कंपनीने पाठवलं असेल. तुम्ही एक वाक्य बोलाल आणि ते सोमवारी व्हॅनमध्ये पोचेल.

मग तिच्यासमोर रक्कम ठेवा. समजा ४५ हजार. दिवाळीचा बोनस आणि अधूनमधून बाजूला टाकलेलं मिळून एवढं जमू शकेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं. म्हणा, ‘यात आपण पाचही जण, एक तरी मोठा पार्क. बसव.’

ती काय बसवेल ते ती बघेल. मी मला सुचलं ते सांगते.

हैदराबाद. रस्त्याने पाचेकशे किलोमीटर. रात्रीच्या गाड्या आहेत, आणि सप्टेंबर २०२४ पासून सिकंदराबादची वंदे भारतही आहे, पहाटे निघून दुपारी पोचते. तिथे दोन ठिकाणं आहेत, वंडरला आणि रामोजी फिल्म सिटी, आणि दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. वंडरलात दिवसभर राइड आणि पाणी. रामोजीत बसमधून सेट बघत फिरायचं, मध्ये कार्यक्रम, म्हणजे तुमच्या आईंना चालण्याचा त्रास थोडा कमी. दोन्ही शहराबाहेर त्याच पूर्व-दक्षिण अंगाला आहेत, म्हणून मुक्काम स्टेशनजवळ न करता एल. बी. नगरकडे करा. मेट्रो तिथपर्यंत येते आणि रोजचं टॅक्सीभाडं वाचतं.

कधी जायचं, हे त्याहून महत्त्वाचं. मे महिना सोडा. भाव चढलेले, गर्दी मरणाची, आणि एका राइडला तासभर उभं राहायचं म्हणजे दिवसाच्या तिकिटात पाच-सहाच राइड हाती लागतात. आपल्याकडे एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या लोकांना नाही. विदर्भातला उन्हाळा बघून आपल्या राज्य मंडळाच्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर आठवडाभराने, कधी दोन आठवड्यांनी उघडतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याची मुलं वर्गात असतात, हैदराबादची तर बारा तारखेच्या सुमारासच गेलेली असतात, आणि आपले पोट्टे घरात पंख्याखाली लोळत ‘बोअर होऊन राहिलं’ म्हणतात. तो आठवडा पकडा, आणि त्यातही मंगळवार किंवा बुधवार. पार्कांचे दर वारानुसार बदलतात, रांगाही. शाळा नक्की कधी उघडते ते मात्र आधी विचारून घ्या, दरवर्षी तारीख थोडी सरकते.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १७ जूनला निघायचं तर १८ एप्रिलला सकाळी ८ वाजता बसावं लागेल. धाकट्याचं वय पाचच्या वर आहे, त्यामुळे त्याला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नाही घेतला तर अर्धं. एका रात्रीसाठी सहा वर्षांचं पोर आईजवळ मावतं.

पार्कातलं तिकीट बऱ्याच ठिकाणी वयाऐवजी उंचीवर असतं, म्हणून दोन्ही मुलांची उंची घरीच भिंतीला उभं करून मोजा. त्यावरूनच कोणत्या राइडवर बसता येईल तेही कळतं. मोठ्या रोलर कोस्टरला सहा वर्षांच्या मुलाला घेत नाहीत. फाटकापाशी कळलं तर तो तिथे भोकाड पसरेल आणि दिवस त्याला गप्प करण्यात जाईल.

यावरून मला एक सुचतंय, पटलं तर बघा. रामोजीला पाचही जण जा. वंडरलाला मात्र फक्त तुम्ही आणि मुलगी. शब्द तिला दिला होता, परीक्षा तिने दिली होती. एक अख्खा दिवस तिला बाप एकट्याने मिळू द्या, धाकट्याला शू लागली म्हणून रांग सोडावी न लागता. त्याच दिवशी आजी, आई आणि धाकटा सालारजंग म्युझियमला जातील. तिथलं मोठं घड्याळ दर तासाला ठोके देतं, एक छोटा माणूस बाहेर येऊन घंटा वाजवतो आणि सगळी गर्दी बाकांवर बसून त्याची वाट बघते. सहा वर्षांच्या मुलाला ते पुरतं. आणि पार्कात पिशव्या सांभाळत बसण्यासाठी आजींचं पूर्ण तिकीट काढण्यासारखी दुसरी उधळपट्टी नाही. प्रत्येक कुटुंबात अशी एक आजी असते, आणि तिच्या मांडीवर चार ओले टॉवेल असतात.

माझ्या हिशेबाने एसी थ्री टियरचं जाणं-येणं दहा हजार, तीन रात्री दोन खोल्या बारा हजार, दोन्हीकडची तिकिटं दहा-अकरा हजार, जेवण आणि फिरणं दहा-बारा हजार. दर बदलतात, त्यामुळे तुम्ही ताजे बघूनच लिहा. पार्कात बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत आणि आत एका थाळीला बाहेरच्या दोनांचे पैसे पडतात. सकाळी पोट भरून जा.

पुण्याला किंवा पिंपरी-चिंचवडला कुणी जवळचं असेल तर खोपोलीचं इमॅजिकाही आहे. मुक्काम फुकट (संत्रा बर्फीचा डबा धरायचा). पण जूनमध्ये तिथे घाटातला पाऊस असतो आणि जोराच्या सरीत उघड्यावरच्या राइड थांबवतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं तर गर्दी. शाळेची एक-दोन दिवसांची रजा टाकून जानेवारीतला मधला वार साधता आला, तर इमॅजिकासारखं दुसरं नाही. अभ्यासू मुलीची दोन दिवसांची रजा कुणी मनावर घेणार नाही.

अशाच अर्थाची आणखी पत्रं आली आहेत, त्यांतल्या दोघांना इथेच सांगते. ज्या ताईंना जुळ्या मुलांना तिसऱ्या वाढदिवसाला सिंगापूर दाखवायचं आहे त्यांनी थांबावं. एवढ्या लहानांना बहुतेक राइडवर घेतच नाहीत आणि त्यांना बागेतली घसरगुंडी आत्ता तेवढीच मोठी वाटते. आणि ज्या काकांचा जावई पूर्ण खर्च करतो म्हणतोय आणि त्यांना संकोच वाटतोय, त्यांनी जावं. जावयाने हौसेने केलेल्या खर्चाचा हिशेब मागू नये. फक्त दिवाळीला त्याच्या हातात काहीतरी घसघशीत ठेवा.

परत तुमच्याकडे. हाँगकाँग कायमचं रद्द झालं असं मुलीला सांगू नका. हैदराबादहून आल्यावर ती पुन्हा त्याचं नाव काढते का ते बघा. काढलं तर त्या वहीत एक नवं पान करून आवर्ती ठेव सुरू करा, झेपेल तेवढ्या रकमेची, आणि पासबुक तिच्या दप्तराच्या कप्प्यात राहू द्या. नाही काढलं, तर तुमचा शब्द पाळला गेला असं समजा.

आणि हो, तुम्ही आणि मुलगी वंडरलाला जाल तो दिवस शुक्रवार ठेवू नका. सालारजंग शुक्रवारी बंद असतं.